वहीतली नावे

आमच्या सेवानिवृत्तांच्या संघाची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, दोनशे पानी, कोपरे झिजलेली. तीत सभासदाचे नाव, निवृत्तीची तारीख, पत्ता, फोन आणि शेवटी एक अरुंद रकाना, 'शेरा'. २०१३ साली सचिवपद माझ्याकडे आले तेव्हा माझ्या आधीच्या सचिवांनी ही वही हातात देताना एकच सूचना केली होती. नाव खोडायचे नाही. शेऱ्यात तारीख घालायची. कसली तारीख, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पहिल्याच महिन्यात कळले.

संघाचे एक मासिक पत्रकही असते. एका पानाचे. पूर्वी ते झेरॉक्स काढून टपालाने जाई, आता मोबाईलवर जाते. त्यात महागाई भत्त्याची वाढ, सभेचा वृत्तान्त, औषधोपचाराच्या बिलांविषयी चार ओळी, पंचाहत्तरी गाठलेल्यांचे अभिनंदन आणि तळाशी 'दुःखद वार्ता' असा मजकूर असतो. महागाई भत्त्याचा मजकूर मी फार मन लावून लिहीत असे. आकडे दोनदा तपासत असे. लोक हे पत्रक खालून वर वाचतात, हे मला फार उशिरा कळले. एकदा जागेअभावी 'दुःखद वार्ता' मी पानाच्या मध्यभागी घातली, तर दोघांचे फोन आले की या महिन्यात कोणीच नाही का?

खरे तर हे मला आधीच उमगायला हवे होते. मी तार खात्यातला माणूस. १९७० साली धुळ्याच्या तारघरात लागलो तेव्हा कट्ट-कडकट्ट ऐकून अक्षरे उतरवण्याचे शिक्षण आम्हांला दिलेले होते. लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांसाठी ठरलेले मजकूर असत आणि त्यांना क्रमांक असत. गिऱ्हाइकाने क्रमांक सांगायचा, पलीकडच्या गावी त्या क्रमांकाचा मजकूर कागदावर उतरायचा. हजारो जोडप्यांना आम्ही एकाच वाक्यात सुखी केले. पण मृत्यूची तार आली की सारे थांबे. ती आधी जायची. तारवाला शिपाई सायकल काढी, आणि गल्लीत तो दिसला की बायका दारातच उभ्या राहत, हे त्यानेच सांगितलेले. धुळ्याच्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, त्यामुळे पत्ता चुकण्याची सोयही नव्हती. १४ जुलै २०१३ रोजी देशातली तारसेवा बंद झाली. त्याच वर्षी ही वही माझ्याकडे यावी, हा योगायोग मी पहिल्यांदा पत्नीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमचे काम काही सुटले नाही."

संघाच्या कामाचे बाहेरून जे चित्र दिसते ते मागण्यांचे, निवेदनांचे, फलकांचे असते. तेही काम आहेच. आमच्या पिढीने १७ डिसेंबर ही तारीख पाठ केलेली आहे. १९८२ साली या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्याचा निकाल दिला. सुधारित पेन्शन ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच आणि आधीच्यांना जुनेच, असा भेद सरकारने केला होता. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले नाकारा न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच जणांच्या घटनापीठाने तो भेद रद्द ठरवला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून झालेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. म्हणून १७ डिसेंबर आमचा पेन्शनर दिन. खानदेशात तो नेमका वांग्यांच्या ऐन हंगामात येतो, हे आमचे भाग्य. सभा होते, निकालावर कोणीतरी दरवर्षी तेच भाषण करते, आणि मग एखाद्या सभासदाच्या मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जातात. भाषण संपायला आले की वाऱ्यावर वास येऊ लागतो. वक्त्यालाही तो येतो.

२०२० मध्ये संघाची वही एकदम भरली. ३१ जानेवारीला एकाच दिवशी देशभरातल्या ७८ हजारांहून अधिक दूरसंचार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांत जळगाव-धुळ्याचेही होते. पन्नाशी-पंचावन्नची माणसे. त्यांना 'ज्येष्ठ' म्हटले की ती मागे वळून बघत. सभेला ती मोटारसायकलवर येत, आणि आम्हांला मोबाईलवर पत्रक पाठवायला त्यांनीच शिकवले. पुढे महागाई भत्त्याचे जानेवारी २०२० ते जून २०२१ असे १८ महिन्यांचे हप्ते गोठवले गेले आणि ती थकबाकी मिळाली नाही, तेव्हा त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही सविस्तर निवेदन तयार केले. ते वाचून दाखवायला मी मेहरूण तलावाच्या काठी रोज भेटणाऱ्या एका स्नेह्याला थांबवले. ते एस. टी.त कंडक्टर होते. त्यांची पेन्शन १९९५ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे, सत्तरने भागायचे, आणि जे येईल ते घ्यायचे; त्याला महागाई भत्ता नाही. एकदा ठरले की ठरले. २०१४ साली या योजनेत किमान पेन्शन ठरवली गेली ती महिना १००० रुपये. माझ्या निवेदनातली थकबाकीची रक्कम ऐकून ते म्हणाले, "आबा, एवढी तर माझी सबंध वर्षाची पेन्शन होत नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी निवेदनातली शुद्धलेखनाची एक चूकही दाखवली. मी निवेदन पाठवले, कारण मागणी न्याय्य होती. पण तेव्हापासून तलावावर मी त्यांच्याशी भत्त्याचा विषय काढत नाही.

हे सगळे एका बाजूला. संघाचे खरे काम नोव्हेंबरात असते.

नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनराने आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी बँकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ पासून अंगठा यंत्रावर ठेवून दाखला देण्याची सोय झाली. सोय चांगलीच, पण साठ वर्षे निंदणी, कापूसवेचणी आणि राखेने भांडी घासण्यात गेलेल्या अंगठ्याला रेषा उरत नाहीत, हे यंत्र करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. माझ्यासमोर खुर्चीवर बसलेली बाई आणि तिला न ओळखणारे यंत्र, असा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल! कोमट पाण्याने हात धुवायचे, खोबरेल लावायचे, पुसायचे, पुन्हा ठेवायचा. दहांपैकी एखादे बोट तरी लागते. (२०२१ पासून मोबाईलसमोर चेहरा धरूनही दाखला निघतो, आता निदान बोटांची परीक्षा नाही.) अशाच एका नोव्हेंबरात धुळ्याच्या एका वहिनी यंत्रासमोर बसून म्हणाल्या, "मी आठे बठेल शे ना भाऊ, आखो काय दखाडू?"

या वहिनींविषयीच मला लिहायचे आहे. बाकीचे प्रस्तावना म्हणून आले.

त्यांचे यजमान आमचे नाना, लाइनमन. धुळ्याच्या माझ्या पहिल्या नेमणुकीपासूनचे मित्र. वादळात तारा तुटल्या की पारोळ्याच्या बाजूला रात्री खांबावर चढणारा माणूस. २०१७ च्या पेन्शनर दिनाला ते जळगावला आले होते. भरीत-पुरी खाऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "माझे कागद एकदा बघून दे. बायकोच्या नावाचे काहीतरी आहे." हातात प्लास्टिकची पिशवी होती. मला पुढे आभारप्रदर्शन करायचे होते. मी म्हणालो, "बघू की नाना, घाई काय आहे? जानेवारीत धुळ्याला येतोच." ते "बरं" म्हणाले आणि पिशवी परत घेऊन गेले. जानेवारीत मी गेलो नाही. फेब्रुवारीत नाही. मे महिन्यात, ऐन उन्हात, नाना गेले. मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात तारीख घातली, पत्रकात चार ओळी लिहिल्या आणि तेराव्याला धुळ्याला गेलो, तेव्हा वहिनींनी तीच पिशवी माझ्यापुढे ठेवली.

'नावाचे काहीतरी' होते ते असे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. माहेरची यमुना सासरी लक्ष्मी होते. तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते, सगळे हसतात, आणि एक माणूस कागदोपत्री नाहीसा होतो. नानांनी खात्यात कुटुंबाची माहिती भरली ती सासरच्या नावाने. पेन्शनच्या आदेशात तेच नाव. पण वहिनींच्या नावावर माहेरच्या शेतीचा तुकडा होता, त्या उताऱ्यावर माहेरचे नाव; आणि आधार कार्ड काढायला भाऊ घेऊन गेला, त्यामुळे तिथेही माहेरचे. बँकेचे खाते आधारावरून. म्हणजे पेन्शन जिला मंजूर होती ती बाई कुठेच राहत नव्हती आणि जी समोर बसली होती तिचा नानांशी कागदाने काही संबंध नव्हता. पती-पत्नीचा एकत्र फोटो होता. तो पिशवीत होता, कारण तोही द्यायचा राहिला होता. फोटोतले नाना टोपी घालून ताठ बसले आहेत आणि वहिनींचा पदर कपाळापर्यंत आल्यामुळे चेहरा अर्धाच दिसतो.

नानांच्या हयातीत हे काम एका अर्जाचे होते. त्यांनी स्वतः सही करून दुरुस्ती मागितली असती तर विषय संपला असता. ते गेल्यावर त्याच कामाला अकरा महिने लागले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदलाची जाहिरात, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, लग्न पाहिलेल्या दोन माणसांचे जबाब. पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न पाहिलेली माणसे शोधायची म्हणजे काय, ते मी आणि नानांचा मुलगा एरंडोलपासून साक्रीपर्यंत हिंडलो तेव्हा कळले. एक मामा सापडले, त्यांना लग्न आठवत होते, जेवणातले वरण आठवत होते, नवरीचे नाव आठवत नव्हते. कार्यालयातल्या कोणी आम्हांला मुद्दाम अडवले असे मी म्हणणार नाही. नियमाने जे हवे ते त्यांनी मागितले. अडवले असेल तर ते डिसेंबरात मी.

माझे बालपण धुळ्यात गेले. शाळेत असताना शिक्षकांनी आम्हांला राजवाडे संशोधन मंडळ दाखवायला नेले होते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. लोकांच्या माळ्यांवरून, अडगळीतून त्यांनी जुने कागद कसे मिळवले, हे गुरुजी रंगवून सांगत होते. कागद वेळेवर मिळाला नाही की माणसे पुसली जातात, असे काहीतरी ते म्हणाल्याचे मला आठवते. इतिहासाबद्दल म्हणाले असतील. नानांची पिशवी मांडीवर घेऊन मी धुळे-जळगाव बसमध्ये बसलो की मला गुरुजी आठवत.

प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवण्याच्या दिवशीची गोष्ट. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला : मी अमुक, हिलाच तमुक असेही म्हणतात. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "मंग मन्हं खरं नाव कोन्तं शे भाऊ?" मी कायद्याने उत्तर देऊ लागलो, की आता दोन्ही खरी. त्यांना ते पटले नाही. त्यांनीच मग सांगितले की माहेरच्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूस, त्यांचा भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला. सासरच्या नावाने सासूबाई हाक मारत. आणि नाना? नानांनी पन्नास वर्षांत दोन्ही नावांनी एकदाही हाक मारली नाही. थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायचे. मुलगा नोकरीला नाशिकला गेल्यावरही त्याच्याच नावाने, आणि 'ओ' वहिनी द्यायच्या. हे सांगताना त्या हसल्या. नाना गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले, आणि मला तिथे बसवेना.

एप्रिल २०१९ मध्ये कुटुंबनिवृत्तिवेतन मागील थकबाकीसह जमा झाले. त्या वर्षीच्या १७ डिसेंबरला मुलाच्या हातून एक पोते आले, भरताच्या वांग्यांचे. ती वांगी मी खाल्ली नाहीत असे नाही. खाल्ली. चांगली होती.

पण एप्रिलचे सांगायचे राहिले. पैसे जमा झाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी मी मोठ्या समाधानाने घरी ही बातमी सांगितली. पत्नी गच्चीवरून उतरली होती. कुरडयांचे दिवस होते, मोठ्या पातेल्यात गहू भिजत होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आपली पिशवी कुठे आहे?"

कुठली पिशवी?

"नानांची होती तशी."

मी सांगितले की माझे सगळे व्यवस्थित आहे. कपाटात फाईल आहे. तिने कपाट उघडायला लावले. फाईल होती. पेन्शनचा आदेश होता, त्यात तिचे नाव बरोबर होते, एकत्र फोटोही दिलेला होता. मी तसे म्हणणारच होतो, तेवढ्यात खालून पोस्टाचे एक पासबुक निघाले. १९७० साली पहिल्या पगारातून उघडलेले. रक्कम किरकोळ, पण वारस म्हणून आईचे नाव. आई १९९१ मध्ये गेली. लग्नाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती आणि त्यानंतर आणखी अठ्ठावीस गेली होती. मग तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी गेल्यावर पहिला फोन कोणाला? बँकेत काय द्यायचे? आदेशाची मूळ प्रत कोणती, झेरॉक्स कोणती? दाखला किती प्रतींत काढायचा? या प्रश्नांची उत्तरे देण्यात माझी सहा वर्षे गेली होती. निदान दोनशे बायकांना मी ती समोर बसवून, कागदावर लिहून दिली होती. घरात नाही. का नाही, याचे एकही उत्तर मला देता आले नाही. तिने मागितलेही नाही. दुधाच्या हिशेबाची वही आणून तिने माझ्याकडून सगळे लिहून घेतले, तिच्या शब्दांत. 'आदेश' हा शब्द तिने लिहिला नाही. 'हिरव्या फाईलमधला जाड कागद' असे लिहिले.

ते झाल्यावर मी सुटलो असे समजून उठलो, तर ती म्हणाली, "आणि मी आधी गेले तर?"

मी सवयीने म्हणालो, "तर पेन्शनमध्ये काही बदल होत नाही. फक्त कळवायचे."

"पेन्शनचे विचारत नाही."

मग तिने मला खाली बसवले. हाताशी दुसरी वही नव्हती म्हणून मी संघाचीच लाल वही उघडली, शेवटच्या पानापासून उलटी. पहिली नोंद गॅसच्या पुस्तकाची होती. दुसरी, दूधवाल्याला कोणत्या तारखेला पैसे देतो याची. मला वाटत होते तो महिन्याच्या शेवटी येतो, तो सात तारखेला येतो. मग सुनेची ओटी, नातीच्या दम्याचे औषध, माझ्याच रक्तदाबाच्या गोळ्यांतली अर्धी कोणती आणि पूर्ण कोणती. धुण्याच्या बाईच्या मुलाच्या शाळेची फी आपण देतो, हे मला त्या रात्री कळले. रात्री अकरापर्यंत साडेतीन पाने झाली. माझी माहिती दुधाच्या वहीत पाऊण पानात मावली होती.

पुढे मी वार्तापत्रात लिहिले की प्रत्येक सभासदाने पत्नीच्या नावाचे सर्व कागद तपासून घ्यावेत, आणि संघातर्फे आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठला, उन्हाच्या आत, कागद बघायला बसू लागलो. जोडीने या, अशी अट घातली. पहिल्या रविवारी चौघे आले, त्यांतले तिघे एकटेच. आता बरे येतात. घाई काय आहे, असे मी कोणाला म्हणत नाही.

लाल वही पुढून भरत आली आहे. मागून त्या साडेतीन पानांची तेरा पाने झाली आहेत, कारण पत्नीला अधूनमधून काहीतरी आठवते आणि ती मला हाक मारते, नावाने नव्हे. मध्ये कोरी पाने थोडीच उरली आहेत. त्या पहिल्या रात्रीची शेवटची नोंद कुरडयांची आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे. 'रोज' या शब्दाखाली तिने मला रेघ मारायला लावली.